ब्रिटनमध्ये घेतलेल्या लशीमुळे कायमची इजा झाली असेल तर: सरकारी रकमेचा अर्ज, पहिल्या कागदापासून ट्रिब्युनलपर्यंत

लशीमुळे एखाद्याला कायमचं गंभीर अपंगत्व आलं किंवा मृत्यू झाला, तर ब्रिटनचं सरकार 1,20,000 पौंड एकरकमी देतं. रक्कम करमुक्त असते. अर्जाला फी नाही, वकील लावावा लागत नाही, आणि डॉक्टरची किंवा कंपनीची चूक होती हेही सिद्ध करावं लागत नाही. योजनेचं नाव व्हॅक्सिन डॅमेज पेमेंट स्कीम. ती 1979 च्या कायद्याने आली. इतकी जुनी असूनही लंडन, स्लाव, लेस्टर, मिल्टन कीन्सकडे राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांना ती माहीत नसते. ज्यांना कळते त्यांतले बरेचजण दहा मिनिटांत फॉर्म भरून पाठवतात आणि दीड वर्षाने नकाराचं पत्र हातात घेऊन बसतात.

मला सांगायचंय ते एवढंच: या योजनेत निर्णय कागदावर होतो. तुमची फाइल वाचणारा डॉक्टर बहुधा तुम्हाला कधीच भेटणार नाही. त्यामुळे फॉर्म भरणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. फाइल तयार करणं हे खरं काम.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. लशींनी जेवढे जीव वाचवले त्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही, आणि हा लेख कुणाला लशीपासून दूर नेण्यासाठी नाही. पण ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर लाखात एक-दोघांना रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घसरल्या, हेही तितकंच खरं आहे. सगळ्यांच्या भल्यासाठी दंड पुढे करणाऱ्याच्या वाट्याला हे आलं, तर सरकारने त्याच्यामागे उभं राहायलाच हवं. ही रक्कम मागण्यात भीक नाही आणि देशद्रोहही नाही. हे लिहावं लागतं, कारण आपल्याकडे अनेकजण 'उगाच आपण कशाला' म्हणून गप्प बसतात.

योजनेची पार्श्वभूमी थोडक्यात. 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये डांग्या खोकल्याच्या लशीवरून मोठं वादळ उठलं. ज्यांच्या मुलांना मेंदूची इजा झाली होती अशा पालकांनी संघटना बांधली. रोझमेरी फॉक्स यांच्या पुढाकाराने त्यांनी वर्षानुवर्षं सरकारमागे तगादा लावला, तेव्हा हा कायदा झाला. सुरुवातीला रक्कम 10,000 पौंड होती. ती वाढत 2007 मध्ये 1,20,000 झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून महागाई कुठे गेली ते लंडनचं घरभाडं भरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून या रकमेकडे पूर्ण भरपाई म्हणून पाहू नका. सरकारही तिला भरपाई म्हणत नाही.

पायरी 1: तुम्ही योजनेत बसता का

पहिली अट जागेची. लस ब्रिटनमध्ये किंवा आइल ऑफ मॅनमध्ये टोचलेली हवी. सैन्यदलातल्या लोकांना परदेशात सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून दिलेली लसही चालते. कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे यापेक्षा लस कुठे दिली हे इथे महत्त्वाचं आहे. 2021 साली कामाच्या व्हिसावर लंडनमध्ये होतात, तिथे लस घेतली आणि आता पुण्यात परत आला आहात, तरी हा दरवाजा तुमच्यासाठी बंद नाही. याउलट पुण्यात कोव्हिशिल्ड घेऊन नंतर ब्रिटनला आलेल्यांना ही योजना लागू नाही, जरी सूत्र तेच ॲस्ट्राझेनेकाचं असलं तरी.

याचीच एक उलटी बाजू आहे. मार्च 2021 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले सुमारे 50 लाख डोस ब्रिटनला आले आणि तिथल्या लोकांना टोचले गेले. तुमच्या नोंदीत बॅच क्रमांक 4120झेड001, 002 किंवा 003 असेल तर तुमचा डोस हडपसरचा. त्याने हक्कात काहीही फरक पडत नाही. लस ब्रिटनमध्ये टोचली, बस्स.

दुसरी अट रोगाची. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, क्षयरोग, हिब, न्यूमोकोकल, मेनिंजायटिसच्या लशी, रोटाव्हायरस, एचपीव्ही, मुलांची फ्लूची लस आणि कोविड-19 हे सगळं यादीत आहे. बीसीजीकडे आपल्या लोकांनी मुद्दाम लक्ष द्यावं. आईवडील किंवा आजीआजोबा भारतासारख्या क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेले असतील तर ब्रिटनमध्ये बाळाला बीसीजी दिली जाते, म्हणजे आपल्या बहुतेक घरांत ती असते. क्षयरोग यादीत असल्याने बीसीजीही योजनेत येते. पण सुट्टीत भारतात येण्याआधी मुलांना देतात त्या टायफॉइड आणि हिपॅटायटिस एच्या लशी यादीत नाहीत. यादीत अधूनमधून भर पडते, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरची ताजी यादी बघा.

तिसरी अट वयाची. साधारणपणे लस 18 वर्षांच्या आत घेतलेली हवी. कोविड, पोलिओ, रुबेला, मेनिंजायटिस सी, एचपीव्ही आणि 2009 च्या साथीतली स्वाइन फ्लूची लस यांना ही अट नाही. साथीच्या उद्रेकात मोठ्यांना दिलेल्या लशीलाही नाही. दर हिवाळ्यात आजीआजोबा घेतात ती फ्लूची लस मात्र योजनेबाहेरच राहते. हे अन्यायाचं आहे असं माझं मत आहे, पण आज नियम तसा आहे.

आई गरोदर असताना घेतलेल्या लशीमुळे पोटातल्या बाळाला इजा झाली, किंवा तोंडावाटे पोलिओचा डोस घेतलेल्या व्यक्तीच्या निकट संपर्कातून कुणाला पोलिओ झाला, तरीही अर्ज करता येतो.

पायरी 2: आधी तारीख मोजा

लस घेतल्यापासून 6 वर्षं किंवा वयाचा 21 वा वाढदिवस, यांतलं जे नंतर येईल ती मुदत. बाळासाठी अर्ज करायचा तर ते 2 वर्षांचं झाल्यावरच करता येतो.

कोविडच्या बाबतीत हे फार जवळचं गणित आहे. ॲस्ट्राझेनेकाचा ब्रिटनमधला पहिला डोस 4 जानेवारी 2021 रोजी दिला गेला. त्या दिवसांत लस घेतलेल्या मोठ्या माणसांची मुदत जानेवारी 2027 मध्ये संपते, मार्च 2021 वाल्यांची मार्च 2027 मध्ये, आणि पुढे तसंच. कोणत्या डोसने इजा झाली याबद्दल खात्री नसेल तर पहिल्या डोसची तारीख धरून चाला. मुदत अगदी तोंडावर आली असेल तर खाली सांगितलेली फाइल पूर्ण होण्याची वाट पाहू नका. अर्ज आधी टाका, पोच जपून ठेवा आणि बाकी कागद मागाहून पाठवा.

पायरी 3: साठ टक्के म्हणजे काय ते समजून घ्या

सगळ्यात जास्त माणसं दोन प्रश्नांवर अडतात. इजा लशीमुळेच झाली का, हा पहिला. त्यासाठी कसोटी आहे 'असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' एवढीच. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. दुसरा प्रश्न जास्त जाचक आहे: अपंगत्व किमान 60 टक्के आहे का?

2002 पूर्वी ही अट 80 टक्के होती. मोजमाप कामावर झालेल्या अपघातांच्या नियमांतल्या तक्त्यातून घेतलं आहे. त्या तक्त्यात एक हात मनगटापासून गमावला तर 60 टक्के धरतात. अंगठा गमावला तर 30, एक डोळाच गमावला (नुसती दृष्टी नव्हे) तर 40, पूर्ण बहिरेपणाला 100. मेंदूतली गुठळी, गियाँ-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातपायांतली शक्ती जाणारा आजार) किंवा हृदयाच्या स्नायूला आलेली सूज अशा आजारांना तक्त्यात थेट जागा नाही. तिथे डॉक्टर तुलनेने टक्केवारी ठरवतो. तुलना कोणाशी? तुमच्याच वयाच्या, लिंगाच्या निरोगी माणसाशी.

आता नीट लक्ष द्या. नोकरी गेली, पगार बुडाला, घराचं कर्ज थकलं, या गोष्टी या मोजणीत धरल्या जात नाहीत. शरीर आणि मन काय करू शकत नाही, एवढंच मोजतात. मला दाखवायला आणलेल्या अर्जांत मी पुन्हा पुन्हा हेच पाहिलं आहे: दोन पानं आर्थिक ओढाताणीवर आणि चार ओळी शरीरावर. दुःख समजतं, पण वाचणाऱ्या डॉक्टरला त्या दोन पानांचा उपयोग नसतो.

शिवाय ही योजना सगळं किंवा काहीच नाही अशी आहे. 59 टक्क्यांना शून्य. 60 ला आणि 100 ला सारखीच रक्कम. कोविडच्या दाव्यांत शेकडो लोकांना 'इजा लशीमुळे झाली हे मान्य, पण अपंगत्व पुरेसं नाही' असं उत्तर मिळालं आहे. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेलेल्या माणसाला त्या तक्त्याप्रमाणे 30 टक्के मिळतात आणि तो रिकाम्या हाताने परत जातो. ही अट बदलावी ही मागणी इजाग्रस्तांच्या संघटना लावून धरत आहेत, आणि ती रास्त आहे.

इथे एक निकाल तुमच्या कामाचा आहे. 2009 च्या साथीत पँडेमरिक्स ही स्वाइन फ्लूची लस घेतल्यावर काही मुलांना नार्कोलेप्सी जडली, म्हणजे दिवसाढवळ्या बसल्या जागी झोप लागणारा मज्जासंस्थेचा आजार. अशाच एका मुलाच्या खटल्यात सरकारचं म्हणणं होतं की अपंगत्व निर्णयाच्या दिवशी जेवढं आहे तेवढंच मोजा. फेब्रुवारी 2017 मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळलं. पुढच्या आयुष्यात या आजाराचे काय परिणाम होणार तेही मोजायचे, असा तो निकाल. म्हणून तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरच्या पत्रात भविष्याबद्दल स्पष्ट वाक्यं हवीत: आजार कायमचा आहे का, पुढे वाढेल का, गाडी चालवणं, एकट्याने राहणं, मूल सांभाळणं शक्य होईल का.

पायरी 4: फाइल बांधा

अर्ज केल्यावर योजना चालवणारी संस्था, म्हणजे एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी, तुमच्या जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) आणि रुग्णालयांकडून नोंदी मागवते. तरीही त्या नोंदी आधी स्वतः मागवून वाचा. तुमच्याबद्दल काय लिहिलं आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर चूक दुरुस्त कशी करणार? नोंदी मागण्याचा हक्क डेटा संरक्षण कायद्याने दिलेला आहे. साधारण एक महिन्यात प्रत द्यावी लागते आणि त्याला पैसे पडत नाहीत. जीपीच्या बऱ्याच नोंदी एनएचएस ॲपवरही दिसतात. मृत व्यक्तीच्या नोंदी मागायला वेगळा कायदा आहे, 1990 चा. त्याखाली वारस किंवा मृत्युपत्राचे व्यवस्थापक अर्ज करू शकतात.

काय काय हवं ते आता सांगतो, महत्त्वाच्या क्रमाने.

लशीआधीची तब्येत. किमान पाचेक वर्षांच्या जीपी नोंदी. त्यांत या आजाराचा मागमूस नसणं हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लपवू नका, तो नोंदीत सापडणारच. त्याऐवजी तो नियंत्रणात होता हे दाखवणारे रिपोर्ट जोडा.

लशीची नोंद. तारीख, लशीचं नाव, बॅच क्रमांक, केंद्र.

पहिलं लक्षण कधी दिसलं. सगळ्या फाइलचा कणा हा आहे. गुठळ्या आणि प्लेटलेट्सच्या त्या आजारात लक्षणं साधारण लशीनंतर 5 ते 30 दिवसांत सुरू होतात. पहिल्या डोकेदुखीची तारीख त्या चौकटीत बसते का, यावर खूप काही अवलंबून असतं. तेव्हा 111 ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ल्याच्या क्रमांकाला, फोन केला होता का? नवऱ्याला व्हॉट्सॲपवर 'डोकं फुटतंय' असं लिहिलं होतं का? ऑफिसला सिक लीव्हचा ईमेल गेला होता का? या छोट्या गोष्टींवर तारीख छापलेली असते, आणि तीन वर्षांनी आठवणीतून सांगितलेल्या तारखेपेक्षा त्यांना वजन जास्त. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निदान आणि तपासण्या. डिस्चार्ज समरी, स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट. गुठळ्यांच्या प्रकरणात प्लेटलेट्सचा आकडा, डी-डायमर (गुठळी झाल्याची खूण दाखवणारी रक्ततपासणी) आणि पीएफ4 अँटीबॉडीचा (या आजारात रक्तात सापडणाऱ्या प्रतिपिंडांचा) रिपोर्ट हे तीन कागद शोधून काढाच. पीएफ4 ची तपासणी झाली असेल तर तो कागद सोन्यासारखा जपा.

दुसरी कारणं वगळली आहेत का. तज्ज्ञ डॉक्टरने 'अन्य कारण आढळलं नाही' असं कुठे लिहिलं असेल त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पान क्रमांक टिपून ठेवा. लिहिलं नसेल तर विनंती करा. डॉक्टरला 'माझ्यासाठी पत्र द्या' असं मोघम सांगू नका. नेमके प्रश्न लिहून द्या: लशीमुळे हे होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त वाटते का, दुसरं कारण सापडलं का, पुढे काय होईल?

मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेमचा अहवाल आणि चौकशी झाली असल्यास कॉरोनरचा (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा) निष्कर्ष. अशा दाव्यात सगळा जोर कार्यकारणावर असतो.

भारतात परतलेल्यांनी एक जास्तीचं काम करायचं आहे. इथल्या रुग्णालयाकडून नुसतं डिस्चार्ज कार्ड न घेता पूर्ण इनडोअर केस पेपरची शिक्क्यासह प्रत मागा. ब्रिटनमधलं कार्यालय तुमच्यासाठी नाशिकच्या नर्सिंग होममधून कागद काढून आणेल अशी आशा धरू नका. कुठे मराठीत शेरा असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत लावा.

'बरं आहे डॉक्टर'

याला वेगळी जागा देतो, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

एका बाईंच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांच्या जीपी नोंदींची चळत वाचत होतो. लशीनंतर गियाँ-बारे झालेलं, पायांत शक्ती नाही, जिन्याच्या कठड्याला धरून वर चढायच्या. नोंदीत मात्र महिन्यामागून महिना 'मॅनेजिंग वेल', 'नो न्यू कन्सर्न्स' असंच. मी विचारलं, ताई, डॉक्टरला तुम्ही काय सांगत होता? म्हणाल्या, 'ते विचारायचे हाऊ आर यू, मी म्हणायची ठीक आहे. रडगाणं कशाला गायचं?' आपल्याला घरातून शिकवलेलंच असतं ते. पण ब्रिटनमधला डॉक्टर तुमचा शब्द जसाच्या तसा टाइप करतो, आणि दोन वर्षांनी अनोळखी डॉक्टर ते वाचून टक्केवारी ठरवतो.

तेव्हा आजपासून प्रत्येक भेटीत जे होत नाही ते सांगा. आधी कागदावर लिहून न्या. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर दुभाषा मागा. एनएचएसमध्ये तो मोफत मिळतो. मुलाला किंवा सुनेला दुभाषा करू नका. लघवीवर ताबा नाही हे आई मुलासमोर सांगत नाही.

जुन्या नोंदींचं काय? त्या खोडता येत नाहीत, पण चुकीच्या असतील तर दुरुस्तीची लेखी मागणी करता येते. आणि एक रोजनिशी सुरू करा. दोन आठवड्यांची पुरते. 'थकवा येतो, अशक्तपणा आहे' असं लिहू नका. असं लिहा: अंघोळीला स्टुलावर बसावं लागतं. शर्टची बटणं मुलगी लावते. कणीक भिजवताना डावा हात पाच मिनिटांत सुन्न होतो, म्हणून पोळ्या बंद झाल्या. दुकान 300 मीटरवर आहे, मध्ये दोनदा बाकावर टेकावं लागतं. रात्री तीनदा कूस बदलायला नवऱ्याला उठवते. चांगला दिवस असेल तर तोही खरा लिहा. सगळे दिवस सारखेच काळे दाखवलेली वही कुणी खरी मानत नाही.

पायरी 5: अर्ज भरा आणि पाठवा

अर्ज ऑनलाइन किंवा कागदी, दोन्ही चालतो. लशीची माहिती, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आणि रुग्णालयांचे पत्ते, अपंगत्वाचं वर्णन आणि नोंदी मागवण्याची संमती, असा ऐवज. एखादं रुग्णालय लिहायचं राहिलं तर तिथल्या नोंदी मागवल्याच जात नाहीत, म्हणून 2021 पासून ज्या दारात पाऊल टाकलं ती सगळी नावं लिहा, अपघात विभागासकट.

सोबत दोन पानांचा घटनाक्रम लावा. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे पुरावा कोणत्या पानावर. सहाशे पानांच्या नोंदी वाचणाऱ्याचं काम तुम्ही हलकं केलंत तर तुमचा मुद्दा त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

यलो कार्ड भरलं म्हणजे अर्ज झाला असं समजू नका. यलो कार्ड ही औषधनियंत्रक एमएचआरएकडे दुष्परिणाम कळवण्याची वेगळी व्यवस्था आहे. ते जरूर भरा, त्याची पावती फाइलला लावा, पण त्यातून पैसे मिळत नाहीत.

अर्ज करून देतो आणि मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतो असं सांगणारी मंडळी भेटतील. टाळा. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये फुकट मदत मिळते.

पायरी 6: वाट पाहण्याचा काळ

कोविडनंतर अर्जांचा पूर आला. हजारो अर्ज, त्यांतले मंजूर थोडे. कोविड लशीची पहिली रक्कम जून 2022 मध्ये दिली गेली. अनेकांना वर्षाहून जास्त थांबावं लागलं आहे. बहुतेक वेळा अडतं ते रुग्णालयाकडून नोंदी न आल्यामुळे. म्हणून महिन्या-दीड महिन्याने विचारत राहा: कोणत्या ठिकाणच्या नोंदी आल्या, कोणत्या यायच्या आहेत? ज्या आल्या नसतील त्या तुमच्याकडच्या प्रतीतून पाठवून द्या. या काळात नवं निदान किंवा नवा रिपोर्ट आला तर तोही पाठवा.

पायरी 7: नकार आला तर

पत्र वाचून पहिल्यांदा हेच बघा की नकार कोणत्या कारणावर आहे. कार्यकारणावर, साठ टक्क्यांवर, की मुदत आणि यादीच्या अटींवर? वैद्यकीय मूल्यमापनाच्या अहवालाची प्रत मागवा. त्यात कोणत्या नोंदी वाचल्या ते तपासा. एखादं मोठं रुग्णालयच त्या यादीत नाही, असं घडू शकतं, आणि तोच तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा ठरतो.

मग फेरविचाराची मागणी करा. तिला मँडेटरी रिव्हर्सल म्हणतात. 'मला निर्णय पटला नाही' एवढ्याने काही हलत नाही. अहवालातली चूक पान क्रमांकासह दाखवा आणि नवा पुरावा द्या. कार्यकारणावर नकार असेल तर तज्ज्ञाचं पत्र, टक्क्यांवर असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल, रोजनिशी आणि भविष्याबद्दलचं मत. 2017 च्या त्या निकालाचा उल्लेख इथे जरूर करा.

फेरविचारातही नकार मिळाला तर सोशल सिक्युरिटी अँड चाइल्ड सपोर्ट ट्रिब्युनलकडे अपील. ते सरकारपासून स्वतंत्र आहे आणि तिथे न्यायाधीशासोबत वैद्यकीय जाणकार बसतात. सुनावणी प्रत्यक्ष मागा, कागदोपत्री नको. इतके महिने तुम्ही फक्त कागद होतात, इथे पहिल्यांदा कुणीतरी तुम्हाला चालताना बघणार आहे. दुभाषा लागणार असेल तर अपिलाच्या फॉर्ममध्येच मराठी असं लिहा. हिंदी चालेल असं म्हणून तडजोड करू नका. वेदना सांगताना आपली भाषाच कामाला येते.

पायरी 8: मंजुरी आली तर

18 वर्षांवरील आणि स्वतःचे व्यवहार सांभाळू शकणाऱ्याला रक्कम थेट मिळते. लहान मूल असेल किंवा व्यक्ती व्यवहार सांभाळू शकत नसेल तर विश्वस्तांकडे जाते. बहुधा आईवडीलच विश्वस्त नेमले जातात.

सरकारी भत्ते घेत असाल तर बँकेत पैसे येण्याआधी सल्ला घ्या. हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट अशा उत्पन्न-शिल्लक पाहून मिळणाऱ्या भत्त्यांवर या रकमेचा परिणाम होऊ शकतो. रक्कम ट्रस्टमध्ये आहे का, यावर तो परिणाम बदलतो. पैसे एकदा बचत खात्यात मिसळले की गुंता सोडवायला वेळ लागतो.

रक्कम घेतल्याने कंपनीविरुद्ध दावा करण्याचा हक्क जात नाही. पुढे न्यायालयाने भरपाई दिली तर हे 1,20,000 त्यात जमा धरले जातात. पण योजनेचा अर्ज चालू आहे म्हणून न्यायालयाची मुदत थांबत नाही, आणि ती मुदत सहा वर्षांपेक्षा बरीच लहान असते, साधारण तीन वर्षं. दाव्याचा विचार असेल तर त्या विषयातल्या वकिलाशी वेगळं बोला.

लस ब्रिटनबाहेर घेतली असेल तर

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी थोडक्यात: तिथे दोन वेगळ्या खिडक्या आहेत. मुलांच्या नेहमीच्या लशींसाठी 1986 च्या कायद्याने उभा राहिलेला कार्यक्रम आहे. त्यात प्रत्येक डोसवरच्या करातून पैसा जमतो, दावा फेडरल क्लेम्स न्यायालयात चालतो आणि प्रामाणिक, सबळ आधार असलेल्या दाव्यात वकिलाचा खर्चही निधीतून मिळतो, हरलात तरी. मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. मृत्यूच्या दाव्यात मृत्यूपासून दोन. कोविड लशीचे दावे मात्र दुसऱ्या कार्यक्रमात गेले. तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष, आणि अनेकांचा दावा तिथेच संपला.

भारतात केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कोविड लशीनंतरच्या मृत्यूंच्या भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही, कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक मंचात जावं. त्याच वर्षी मराठवाड्यातल्या एका पित्याची याचिका मुंबई उच्च न्यायालयात पोचली होती. तुम्ही महाराष्ट्रात लस घेतली असेल तर सुरुवात नोंदीपासून करा: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याकडे 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणून लेखी कळवा आणि पोच घ्या. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा टोल फ्री क्रमांकही आहे. गंभीर घटनेची चौकशी जिल्हा समिती करते आणि पुढे तज्ज्ञ तिचं वर्गीकरण करतात: लशीशी संबंध आहे, अनिश्चित आहे, संबंध नाही, किंवा माहिती अपुरी. तुमच्या प्रकरणात काय ठरलं ते कुणी आपणहून घरी कळवेल याची वाट पाहू नका. माहितीच्या अधिकारात त्या अहवालाची प्रत मागा. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते, आणि तिथे वकील पहिल्यांदा तुमच्याकडे हाच कागद मागेल.